औषधं वेळेवर येतात, फॉर्म भरून झाला तर

घाईत असणाऱ्यांसाठी स्टार आधीच सांगून टाकते. औषधांना चार, डिलिव्हरीला पाच, आणि अकाउंटच्या फॉर्मला एक, तो पण शून्य द्यायची सोय नाही म्हणून. एकूण दोन देतेय. आता कोणी म्हणेल चार-पाच-एक याची सरासरी दोन कशी, तर फॉर्म ओलांडल्याशिवाय औषधापर्यंत पोचताच येत नाही, मग सरासरी कशाची काढायची.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ऑनलाइन औषधं देणारी मोठी कंपनी आहे, क्रिकेटची मॅच चालू असली की दर ओव्हरला जाहिरात दिसते त्यातलीच एक. आणि नाव न लिहिण्याचं दुसरं कारण म्हणजे गॅसवाले, इन्शुरन्सवाले, किराणावाले, सगळ्यांचे फॉर्म थोड्याफार फरकानं असेच आहेत. एकाच हाताखाली शिकल्यासारखे.

आधी चांगलं सांगते. आमच्या आईंना (म्हणजे सासूबाई) बीपी आहे, थायरॉइड आहे आणि काचबिंदूचे थेंब रोज रात्री घालावे लागतात. ते थेंब गावातल्या मेडिकलमध्ये कधी असतात कधी नसतात, नसले की नाशकात पंचवटी कारंज्याला जा, तिथं नसले तर रविवार कारंजा. ते फ्रिजमध्ये ठेवायचे असतात म्हणून दुकानदार पण जास्त भरून ठेवत नाही, त्याचंही बरोबर आहे. या कंपनीचे थेंब थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी घालून येतात, हाताला गार लागतात, एक्स्पायरी लांबची असते, बिलावर बॅच नंबर असतो, आणि पंधरा-वीस टक्के स्वस्त पडतं ते वेगळंच. डिलिव्हरीचा पोरगा तर हिरा आहे. आमचा मळा मखमलाबाद शिवारात, पाटाच्या कडेनं आत, पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर रुततो, हा पोरगा स्कूटी रस्त्यावर लावून चप्पल हातात घेऊन चालत आलाय. त्याला पाचपैकी सहा देता आले असते तर दिले असते.

आता फॉर्म.

सुरुवात पेशंटच्या माहितीनं होते. माझं अकाउंट आधीपासून होतं, त्यात "फॅमिली मेंबर अॅड करा" असं बटण आहे, म्हटलं चला आईंना त्यात घालू. नाव वगैरे नंतर, पहिलाच प्रश्न नातं काय. यादी उघडली. वडील, आई, नवरा किंवा बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. संपलं. सासू नाही! भारतातली कंपनी, भारतातले गिऱ्हाईक, आणि यादीत सासू नाही. निम्म्या घरांत म्हाताऱ्या माणसांची औषधं कोण मागवतं हो? सूनच मागवते ना? सासरे नाहीत, आत्या नाही, मावशी नाही, शेजारच्या आजी तर लांबच राहिल्या. "इतर" असं एक होतं सगळ्यात खाली, ते दाबलं तर नात्याचा पुरावा अपलोड करा म्हणे. सासू असल्याचा पुरावा! लग्नाचा अल्बम स्कॅन करू का?

चॅटवर विचारलं. आधी बॉट भेटला, त्यानं माझी अडचण समजल्याचं सांगितलं आणि थायरॉइडच्या गोळ्यांवरची ऑफर दाखवली. मग खरा माणूस आला. तो म्हणाला, "मॅम, आप मदर सिलेक्ट कर लीजिए, चलता है।" मी म्हटलं त्या माझ्या आई नाहीत, सासूबाई आहेत, माझ्या आईची पण औषधं मला इथूनच मागवायचीयेत, मग तिला काय सिलेक्ट करू? यावर थोडा वेळ "टायपिंग" दिसत राहिलं आणि मग आलं, "मॅम, उनको सिस्टर कर दीजिए।"

हे वाचून घरात सगळे हसले, मी पण हसले. पण त्या माणसाचा राग नाही आला मला, त्याच्यापुढं पण तीच यादी होती बिचाऱ्याच्या. माझा मुद्दा वेगळा आहे. फॉर्म तुम्हाला नाही म्हणत नाही, तो तुम्हाला खोटं लिहायला लावतो, कंपनीचाच माणूस सांगतो काहीही टाका, आणि पुढं ते "काहीही" तुमच्याच गळ्यात येतं. कसं येतं ते जन्मतारखेत बघा.

आईंच्या आधारवर जन्मतारीख नाही, फक्त वर्ष आहे, १९५१. ज्यांची तारीख माहीत नाही त्यांच्या आधारवर नुसतं वर्ष छापायची सोय सरकारनं ठेवलेलीच आहे, त्यात काही चूक नाही. आमच्याकडच्या जुन्या लोकांत दोन प्रकार. जे शाळेत गेले त्यांची तारीख एक जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू आणि नाव घालताना गुरुजींनी टाकून दिली, आमच्या सासऱ्यांच्या भावकीत पाहिलं तर निम्मे वाढदिवस एकाच दिवशी. आणि ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांना ती एक जून पण मिळाली नाही. आई दुसऱ्या प्रकारातल्या.

फॉर्मला पूर्ण तारीख पाहिजे. टाइप करता येत नाही, कॅलेंडर उघडतं, आजच्या महिन्यावर उघडतं, आणि मागं जायला एक बाण, एका टॅपला एक महिना. १९५१ पर्यंत जायचं म्हणजे हिशोब करा, आठ-नऊशे टॅप. वरच्या वर्षाच्या आकड्यावर दाबलं की वर्षांची यादी येते हे मला मुलानं दाखवलं, ते कुठं लिहिलेलं नाही, आणि ज्यांच्यासाठी हा फॉर्म आहे त्या सत्तर-पंच्याहत्तरच्या माणसानं ते कसं शोधायचं देव जाणे. ठीक आहे, वर्ष मिळालं. आता महिना आणि दिवस? परत चॅट. उत्तर तेच, "कुछ भी डाल दीजिए मॅम।" मग एक जानेवारी टाकली.

दुसऱ्या ऑर्डरला घोळ झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपाउंडरनं अंदाजानं वय लिहिलेलं, ७०. अकाउंटच्या हिशोबानं आई त्याहून बऱ्याच मोठ्या. ऑर्डर थांबली, मेसेज आला की पेशंटचं वय जुळत नाही, जन्मतारखेचा पुरावा द्या. आधार अपलोड केलं. आधारावर तारीख नाही, म्हणून रिजेक्ट, आणि कारण काय लिहिलं तर "तारीख आढळली नाही". अहो नाहीच आहे ती! जी तारीख जगात कुठं नाही ती तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलीत आणि आता तिचाच पुरावा मागताय. तोपर्यंत इकडं थेंबांची बाटली तळाला आलेली. शेवटी नवरा कामावरून येताना रविवार कारंज्यावरून पूर्ण किमतीत घेऊन आला. काचबिंदूचे थेंब चुकवायचे नसतात, डोळ्यातलं प्रेशर वाढलं तर जी नजर जाते ती परत येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला खडसावून सांगितलंय. कंपनीच्या सिस्टिमला ते कोण सांगणार?

आणि हो, एक जानेवारीला त्यांचा हॅपी बर्थडेचा मेसेज आला, कुपन घालून. आई म्हणाल्या बरं झालं, कोणीतरी ठरवलं एकदाचं.

नावाचं पण तसंच. दोन रकाने, पहिलं नाव आणि आडनाव, दोन्हीत स्पेस चालत नाही. आपल्याकडं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव, ही काय लपून राहिलेली गोष्ट आहे? डॉक्टर तिन्ही लिहितात, फॉर्म दोन घेतो, की झालं नाव जुळत नाही. त्यात जुन्या बायकांच्या नावाला कुठं "बाई" चिकटलेलं असतं कुठं नसतं. आईंच्या आधारवर "बाई" आहे, बँकेत नाही, सातबाऱ्यावर तर नावापुढं "भ्र." लिहून नवऱ्याचं नाव. या तीन कागदांवरची बाई एकच आहे हे तलाठ्याला कळतं, बँकेतल्या पोरीला कळतं, या वेबसाइटला कळत नाही.

आमच्याकडं छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यांच्यात एका मावशींच्या जुन्या कागदावर नुसतं एकच नाव आहे, आडनावाचा पत्ताच नाही. अशांसाठी सेवा केंद्रातल्या पोरांनी आपापल्या युक्त्या काढल्यात. आमच्या ओळखीचा एक जण पंचवटीत केंद्र चालवतो, दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो. तो म्हणतो आडनाव नसेल तर पहिलं टाकायचं टिंब. टिंब घेत नसेल तर नावच दोनदा. तेही घेत नसेल तर एनए, म्हणजे 'लागू नाही'. त्याच्या म्हणण्याप्रमाणं कुठली साइट टिंब घेते आणि कुठली नाही हे त्याला तोंडपाठ आहे. पण ही टिंबं पुढं नडतात. दुबईनं २०२२ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे सगळ्या यूएईनंच, पासपोर्टवर फक्त एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर घ्यायचं बंद केलं, तेव्हा किती जणांची धावपळ झाली असेल बघा. औषधाच्या ऑर्डरला दुबई नसते म्हणून बरं.

पत्त्याकडं येते. हा माझा खास विषय आहे.

आमचा पत्ता म्हणजे गट नंबर, मग मळ्याचं नाव, मग शिवार. गट नंबरला तिरपी रेघ असते, कारण जमिनीच्या वाटण्या झाल्या की २१२ चा २१२/२ होतो आणि मग त्याचा २१२/२/अ. (हा आमचा खरा नंबर नाही, उगाच कोणी सातबारा काढून बघू नका.) फॉर्ममध्ये "घर किंवा फ्लॅट नंबर" सक्तीचा. रेघ टाकली की लाल अक्षरात प्लीज एंटर अ व्हॅलिड हाऊस नंबर. रेघेच्या जागी डॅश टाकला, नाही. स्पेस, नाही. शेवटी इंग्रजीत अक्षरी लिहिलं, टू वन टू ऑब्लिक टू, तर घेतलं! ते आता लेबलवर तसंच छापून येतं आणि पोरगा फोन करून विचारतो, "ताई, ऑब्लिक टू म्हणजे दुसरा मजला ना?" पहिला मजलाच नाही रे बाबा, कौलारू घर आहे.

त्याच्याखाली "बिल्डिंग किंवा सोसायटीचं नाव", तेही सक्तीचं. मळ्याला सोसायटी कुठून आणू? विकास सोसायटी आहे गावात, तिचं टाकू? मराठीत लिहू म्हटलं तर देवनागरी अक्षर उमटतच नाही, आणि त्याच पानाच्या डोक्यावर गुढीपाडव्याच्या शुभेच्छांचा भलामोठा मराठी बॅनर. शुभेच्छा मराठीत देता, पत्ता मराठीत घेत नाही.

पिन टाकला की एरिया आपोआप भरतो आणि लॉक होतो. पिनकोड ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, सहा आकडे, त्यातले शेवटचे तीन पोस्ट ऑफिस सांगतात. पोस्ट ऑफिस सांगतात हो, घर नाही! एका पिनात गावठाण येतं, वस्त्या येतात, मळे येतात, नवीन स्कीमा येतात. फॉर्मला वाटतं एक पिन म्हणजे एक एरिया, आणि त्या यादीत जे पहिलं नाव असेल ते तुमच्या डोक्यावर बसतं. आमच्या पार्सलवर पंचवटीतल्या अशा भागाचं नाव येतं जिथं आमचं कोणी राहत नाही. मग खाली नकाशा, "पिन तुमच्या घरावर आणा". आणली. पिन बरोबर द्राक्षबागेच्या मधोमध, कारण घर झाडाखाली आहे आणि वरून दिसतच नाही. पोस्टानं २०२५ मध्ये डिजिपिन काढलाय, देशाचे साधारण चार बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी कोड, मळेवाल्यांसाठी तर देवच पावला म्हणायचं, पण तो टाकायला या फॉर्मात रकाना नाही. लँडमार्कला तीस अक्षरं दिलीत. "डीपीच्या पुढं पोल्ट्री, पोल्ट्रीच्या मागं" इतक्यावर संपतात.

हे फक्त आमचंच रडगाणं नाही. देवळाली कॅम्पात माझी एक मैत्रीण आहे, नवरा फौजेत, तो पोस्टिंगवर गेला की त्याचा पत्ता ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस), पिन नऊनं सुरू होतो. कुठल्याही साइटवर टाका, "इनव्हॅलिड". सीमेवरच्या माणसाला बायकोनं गुडघ्याचं मलम पाठवायचं तर पोस्टात जाऊन पार्सल करायचं, ऑनलाइनचा विषयच नाही.

आता मोबाइल. इथं हसू येणं बंद होतं.

प्रत्येक पेशंटचा मोबाइल वेगळा पाहिजे, एका नंबरवर दोन प्रोफाइल चालत नाहीत. आईंकडं मोबाइल नाही. त्यांना नको आहे, त्यांचं म्हणणं ज्याला काम असेल तो घरी येईल. माझा नंबर माझ्या अकाउंटला गेलेला, म्हणून नवऱ्याचा दिला. नवरा अंबडला कंपनीत, तिथं मोबाइल गेटवर लॉकरमध्ये ठेवून आत जायचं, म्हणजे ओटीपी येतो तो लॉकरमध्ये वाजतो आणि जेवणाच्या सुट्टीत हे बाहेर येऊन फोन करून मला सांगतात तोपर्यंत त्याची मुदत संपलेली, मग मी रीसेंड दाबते तोवर सुट्टी संपून हे परत आत. काही दिवस हा खेळ झाला. मग म्हटलं जाऊ दे, आईंच्या नावानं एक सिम घेऊन टाकू, घरात जुना बटणांचा फोन पडलाय त्यात घालू.

नवीन सिम घेतलं, नंबर टाकला, ओटीपी आला, आणि स्क्रीनवर "वेलकम बॅक" आणि पुढं एका पुरुषाचं नाव. मला आधी कळेचना. अकाउंट दुसऱ्याच कोणाचं, दुसऱ्याच शहरातल्या माणसाचं. त्याच्या घराचा पत्ता दिसतोय, जुन्या ऑर्डरी दिसताहेत, कुठल्या गोळ्या, किती पॉवरच्या, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, सगळं. साखरेच्या गोळ्या होत्या आणि अजून एक औषध होतं जे मी इथं लिहिणार नाही, कारण ते त्या माणसानं स्वतःहून कोणाला सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

झालं असं असणार की तो नंबर आधी त्या माणसाचा होता. बंद झालेला नंबर नव्वद दिवस तरी कोणाला द्यायचा नाही असा नियम आहे, नंतर तो नवीन गिऱ्हाईकाला मिळतो. मोबाइल कंपनीनं काही चूक केली असं नाही. चूक ही की या वेबसाइटनं नंबर म्हणजेच माणूस असं धरलंय. नंबर बदलला की माणूस बदलू शकतो ही शक्यताच फॉर्म लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेली नाही, आणि लोक तर सतत नंबर बदलतात, रिचार्ज महाग झाल्यापासून दुसरं सिम किती जणांनी बंद केलं असेल.

मी लगेच बाहेर आले. लॉगिनच्या पानावर "हा मी नाही" असं काही बटण असेल म्हणून शोधलं. नाही. पासवर्ड विसरलात, आहे. ओटीपी आला नाही, आहे. अॅप डाउनलोड करा, ते तर तीन ठिकाणी आहे. चॅटवर गेले तर सांगतात काय, "मॅम, आप लॉगिन करके नाम चेंज कर लीजिए।" म्हणजे त्या माणसाच्या अकाउंटात जाऊन त्याचं नाव पुसून आईंचं टाकायचं, आणि त्याच्या जुन्या चिठ्ठ्या? "वो हिस्ट्री में रहेगा मॅम, कोई इश्यू नहीं।" त्याला इश्यू नाही? उद्या आईंच्या नावाखाली त्या माणसाच्या साखरेच्या गोळ्या दिसणार आणि एखादा फार्मासिस्ट फोन करून विचारणार डायबेटिस कधीपासून आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. तेव्हापासून त्या बटणाच्या फोनवर दर थोड्या दिवसांनी मेसेज येतो की तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील. आई विचारतात, कोणाच्या गं?

आपल्याला सरकारी फॉर्मला शिव्या घालायची सवय आहे, मी पण घालते, पण या प्रकारानंतर जरा शोधाशोध केली आणि चक्क सरकारी फॉर्म पुढं निघाले. पासपोर्टचे नियम २०१६ च्या डिसेंबरमध्ये सैल केले, आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं, आणि साधू-संन्याशांना तर आईवडिलांच्या जागी गुरूचं नाव लिहायची मुभा दिली. आमच्या नाशिकला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, २०२७ च्या सिंहस्थाला तपोवनात जे येतील त्यातल्या कितीतरी जणांनी घर, आडनाव, जन्मतारीख सगळं मागं सोडलेलं असतं. त्यांना पासपोर्ट मिळू शकतो, पण या साइटवर खोकल्याचं औषध मागवता येणार नाही. पॅनच्या फॉर्मात २०१८ पासून, आई एकटी सांभाळत असेल तर वडिलांचं नाव सक्तीचं नाही. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं मग वडिलांचं. आणि बँकांच्या त्या मोबाइलवर डोळे मिचकावून दाखवायच्या केवायसीबद्दल सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला सांगितलं की ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे चेहरे अॅसिडनं भाजलेत त्यांच्यासाठी दुसरी सोय केलीच पाहिजे. हे आपोआप नाही झालं, कोणीतरी अडलं, भांडलं, कोर्टात गेलं, तेव्हा कुठं रकाना बदलला. खासगी साइटवर भांडायला जागाच नाही, तक्रारीच्या फॉर्ममध्ये सुद्धा कारणांची यादी असते आणि तुमचं कारण त्यात नसतं. औषध फुटलेलं आलं, उशिरा आलं, चुकीचं आलं. "सासू नाही" असं कारण नाही.

मग मी काय केलं तर तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. हे सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात प्रत्येक अशा कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो (असतो, सगळ्यात खाली, बारीक राखाडी अक्षरात), तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. तिथं नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. चॅटवर डोकं फोडण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात काही नसतं. ईमेलमध्ये मी स्क्रीनशॉट लावले, नात्याची यादी, लाल अक्षरातला घर नंबर, तारखेचं रिजेक्शन, आणि त्या परक्या माणसाच्या अकाउंटबद्दल लिहिलं पण त्याचा स्क्रीनशॉट नाही लावला, काढलाच नव्हता.

पोच वेळेत आली. मग एका बाईंचा फोन आला, मराठीत बोलल्या, नीट ऐकून घेतलं. त्यांनी हातानं आईंचं प्रोफाइल माझ्या अकाउंटखाली घातलं, नातं "इतर", पुरावा मागितला नाही, नाव तिन्ही शब्दांत, आणि जन्मतारखेबाबत म्हणाल्या की सिस्टिममध्ये एक जानेवारीच राहील पण फार्मासिस्टला दिसेल अशी टीप टाकलीय की आधारवर फक्त वर्ष आहे. त्यानंतरच्या ऑर्डरी अडल्या नाहीत, हे मान्य करते. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. मग हे फॉर्ममध्येच का नाही, यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, टेक टीमला कळवते." घर नंबरच्या रेघेचंही टेक टीमला कळवलंय.

त्या नंबरच्या बाबतीत मात्र त्यांनी उलट माझ्याकडं आईंचं आधार आणि सिमचा पुरावा मागितला, म्हणजे ते अकाउंट आईंच्या नावावर करून देतील. मी म्हटलं मला ते अकाउंट नकोच आहे, मला एवढंच सांगा की त्या माणसाला तुम्ही कळवलं का, त्याचा ईमेल तर असेल तुमच्याकडं. आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा, पुसून घ्यायचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलाय, पण त्या बिचाऱ्याला माहीत असेल तर तो हक्क वापरेल ना! त्यावर "चेक करून सांगते".

तर कोणी घ्यावं? ज्यांचं नाव दोन शब्दांत बसतं, घर फ्लॅटमध्ये आहे, जन्मतारीख पूर्ण आहे आणि औषधं स्वतःची किंवा आईवडिलांची आहेत त्यांनी बिनधास्त घ्या, गंगापूर रोड-कॉलेज रोडवाल्यांना तर काही प्रॉब्लेम येणार नाही. बाकीच्यांनी फॉर्म भरायच्या आधीच खालच्या राखाडी अक्षरातला ईमेल लिहून ठेवा, आणि नवीन सिम घेतलं असेल तर आधी बघा त्यावर कोणी राहतंय का. मी थेंब इथून मागवते, बीपी-थायरॉइडच्या गोळ्या गावातल्या मेडिकलमधून. तिथं सूट कमी आहे, पण चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला की तो गोळ्या काढून ठेवतो, आणि त्याच्या वहीत आमचा पत्ता "पाटावरच्या आजी" इतकाच आहे.

त्या परक्या अकाउंटचं तिकीट काल साइटवर "रिझॉल्व्हड" दिसलं. आज सकाळी त्याच बटणाच्या फोनवर परत गोळ्या संपल्याचा मेसेज आला, म्हणून मी तिकीट रीओपन केलंय. महिना व्हायला अजून काही दिवस आहेत, तोवर झालं तर तिसरा स्टार देईन, नाही तर १९१५ ला फोन करून इथंच खाली लिहीन.